कोपराकडे निघालेलं घड्याळ

श्रीवर्धन, रविवार

चि. सुजित,

दादाचे आणि नलूवहिनीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे ठणठणीत. तुझा गुडघा कसा आहे? जहाजावरच्या लोखंडी जिन्यांनी खाल्लाय तो. आता निवृत्तीनंतर पनवेलच्या लिफ्टने तरी त्याला विसावा मिळत असेल. (आपले बाबा सत्तरीतही उडी मारून होडीत चढायचे, पण त्यांना लिफ्ट कुठे होती!)

तुझं स्विस घड्याळ पोचलं. परवा व्हिडिओ कॉलवर मी डावा हात टेबलाखाली ठेवून बोलत होतो, तेव्हाच तुला शंका आली असेल. तर झालं असं, की घड्याळ घातलं आणि ते थेट कोपराकडे निघालं. एके काळी ह्याच मनगटाने मी भरलेलं जाळं ओढायचो (आणि तू मागे दोरी धरल्याचं नाटक करायचास). आता तिथे नुसती काठी उरली आहे. भाविका म्हणाली, "बाबा, माझ्या साखरपुड्याला काका येनार, घड्याळ हातात पायजेच. अलिबागला दुकानात नेऊ." मी म्हटलं, आयुष्यभर जाळी विणलेल्या माणसाला पट्ट्याच्या चार कड्या काढायला अलिबाग कशाला?

ओटीवर टॉवेल अंथरला, गोधडीच्या सुया घेतल्या आणि हातोडीऐवजी खलबत्त्यातला बत्ता. कड्यांच्या आतल्या अंगाला बारीक बाण कोरलेले होते. "आवं, ह्यो बाण कशाला हाय?" नलूने विचारलं. "शोभेला," मी म्हणालो. (पिन कुठल्या बाजूला ढकलायची, ते तो बाण सांगत होता.) मी उलटीकडून ठोकत राहिलो. सुया मोडल्या, आणि मग पिन अशी सुटली की अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यात जाऊन पडली. जवळा बारीक, पिनही बारीक, ऊन पडलं की दोन्ही चमकणार. सगळं घर उकिडवं बसून जवळा निवडू लागलं. तिथे मला आई दिसली रे. ती अशीच जवळ्यातला कचरा वेचत बसायची आणि आपण समोर माडाच्या पातीची घड्याळं करायचो. ती विचारायची, "किती वाजलं रं?" आणि तू मनगट बघून म्हणायचास, "भात वाजला." मी एकटाच मोठ्याने हसलो. नलूला वाटलं, ऊन लागलं.

पिन भाविकाला सापडली. पण मी सगळ्या कड्या एकाच बाजूच्या काढल्या होत्या, त्यामुळे पट्ट्याचा खटका अंगठ्याच्या मुळाशी आला. बरोबरी करायला दुसऱ्या बाजूच्याही काढल्या. आता घड्याळ माझ्या हाताला बसत नाही आणि कड्या परत जोडाव्यात तर पिना वाकल्या आहेत. नलूच्या हाताला मात्र मापाने केल्यासारखं बसलंय. काल ते घालूनच ती मासळी घेऊन बाजारात बसली. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ही शांतपणे घड्याळात बघते. गिऱ्हाईक पैसे काढतं.

रागावू नकोस.

तुझा,
दत्तारामदादा

ता. क. : काढलेल्या कड्या जपून ठेवल्या आहेत. एक सोडून. ती बहुतेक जवळ्याबरोबर विकली गेली.

पुन्हा ता. क. : घड्याळाच्या पाठीवर तुझं नाव कोरलेलं आहे. कंपनीने निरोपाला दिलेली वस्तू माणूस अशी काढून देतो का? वर फोनवर म्हणालास, "दादा, मला आता वेळ बघून करायचं काय?" तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. साखरपुड्याला येशील तेव्हा चार दिवसांचे कपडे आणू नकोस, सगळे आण. मागच्या खोलीत खाट टाकली आहे. उशी खिडकीकडे ठेवायची की भिंतीकडे, ह्यावरून माझं आणि नलूचं भांडण चाललंय. ते तूच येऊन मिटव.