सुमनच्या सुरकुत्या

मंगळवार, संध्याकाळ. कात्रप.

आज सुमनला खिडकीपाशी बसवून तिचं चित्र काढलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, बायकोला समोर बसवलं ते आज पहिल्यांदा. इतकी वर्षं उल्हासनगरच्या फ्रेमवाल्यांसाठी गेलेल्या माणसांचे चेहरे फोटोवरून रंगवत आलो. घरच्यांचं मागणं ठरलेलं: सुरकुत्या काढून टाका, थोडं हसू आणा.

तीन तासांनी सुमन उठून माझ्यामागे आली. बघत राहिली.

"अहो, मला हार घालायची एवढी घाई झालीय?"

ती हसली. मला हसता आलं नाही. तिच्या ओठांच्या कडेला दोन खोल सुरकुत्या आहेत. तिला बसवल्यापासून मी त्याच बघत होतो. चित्रात त्या नाहीत. हाताने कधी गाळल्या?

आता मुद्दाम घातल्या. काचेला तडा गेल्यासारख्या दिसल्या, म्हणून पुसल्या. मग ब्रश डाव्या हातात घेतला. त्याला धड रेघ ओढता येत नाही, तरी त्यानेही गाल गुळगुळीतच केला. म्हणजे दोष हाताचा नाही?

"उद्या परत बसशील?"

"बसेन की. पण उद्या जरा माझ्याकडे बघा."

बघतच तर होतो. हे तिला कसं सांगू?