जिभेची मोजदाद

प्रिय हेमू,

तू उन्मेषला म्हणालीस म्हणे, 'बाबा दोन महिने व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवत नाहीत, कॅमेरा बिघडलाय म्हणतात. मग मी बारशाला येऊन काय करू?' पुण्याची नोकरी धरलीस म्हणून मी अजून रुसलोय, अशी तुझी समजूत. अगं, बाळाच्या कानात कुर्र करून पाठीवर धपाटे खायचा मान आत्याचा. तू नाही आलीस तर ते धपाटे काय मी खाऊ?

तुझा भाचा सव्वा महिन्याचा झाला. सकाळी उन्मेष कंपनीच्या बसने मानेसरला जातो, जागरणाने दमलेली केतकी झोपते, आणि तासभर आम्हा दोघांचं राज्य. पहिल्याच आठवड्यात मी पाळण्यापाशी बसून जीभ काढली, तर पठ्ठ्यानेही काढली! मी उडालोच. केतकीला वाटलं, पोर भुकेलंय. मी म्हटलं, छे, माझी नक्कल करतोय.

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, 'अंकल, इतने छोटे बच्चे तो यूँ ही जीभ निकालते रहते हैं.' सांख्यिकी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला असं सांगायचं असतं का? मी वही उघडली. तीस वेळा जीभ काढून दाखवली, त्याने अकरा वेळा काढली. तीस वेळा नुसता गप्प बसलो, तरी दहा वेळा काढलीच. म्हणजे डॉक्टरीणबाईच खऱ्या; आकड्यांपुढे कोणाचं काय चालतं? उलट केतकी म्हणते, 'बाबा, त्याने काढली की लगेच तुम्हीच काढता.'

आता तू विचारशील, जन्मभर फायलींत मान घालून बसलेला बाप जीभ कशाला काढत बसतो? व्यायाम होता तो. दोन महिन्यांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या कोपऱ्यातून सांडायला लागलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. घाबरू नकोस, मेंदूचं काही नाही, नस सुजलीय, हळूहळू बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. आरशासमोर जीभ काढा, गाल फुगवा, हसा. पण आरशातला तो वाकडा माणूस मला बघवेना, म्हणून मी बाळासमोर बसायला लागलो. तो बिचारा कधी दचकला नाही. कॅमेरा बिघडलेला नाही, हेमू. मीच त्यावर चिकटपट्टी लावली आणि उन्मेषला शपथ घातली. तुझ्यासमोर असं यायची मला लाज वाटत होती.

सोमवारी बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं, आणि हसलं. झोपेतलं नव्हे, थेट मला बघून. मीही हसलो, तर ओठांचा डावा कोपरा जरासा हलला. केतकी ओरडलीच, 'बाबा, परत!' ही नक्कल मात्र पक्की, आणि करणारा मी. पट्टी काढून टाकलीय. पुढच्या रविवारी बारसं आहे. शनिवारी सकाळी निजामुद्दीन स्टेशनवर तुला घ्यायला मीच येतो. तोंड अजून वाकडंच आहे. तू आधी हस, म्हणजे मलाही जमेल.

तुझाच, मुळीच न रुसलेला,
बाबा