एका शेगडीवरची एकोणतीस माणसं

ता. ९ सप्टेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

एक घर म्हणजे नेमकी किती माणसं, असं काल मला एका बाईंनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. घरातली पहिली पदवीधर, आपली बॅरिस्टर, म्हणून जिचं तू गिऱ्हाइकांपुढे कौतुक करतेस, तिची ही अवस्था. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा डावा कान संपावर आणि उजवा मर्जीवर, म्हणून पत्र.

पूर ओसरून सहा आठवडे झाले. शाळेच्या प्रयोगशाळेत आमचं ऑफिस आहे. टेबलावर आम्लाचे जुने डाग आहेत आणि भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. इथल्या एक हजार नऊशे चाळीस कुटुंबांना रोख मदत पोचवायची, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. या कामाची प्रमुख मी. तू मागे विचारलं होतंस की लोकांना वस्तू द्यायच्या सोडून पैसे का देता, उडवतील की. आत्या, इथे पहिल्या आठवड्यात ट्रक भरभरून चादरी आल्या. एकेका घरात नऊ चादरी झाल्या आणि पायात घालायला चप्पल कोणाकडे नव्हती. कोणाला काय लागतं ते ज्याचं त्याला कळतं. गेल्या महिन्याच्या शेवटी पहिला हप्ता जमा झाला. एका सुताराने रंधा आणि करवत घेतली. एका आजोबांनी कवळी केली, जुनी पुरात गेली होती. ते मुद्दाम ऑफिसात येऊन मला हसून दाखवून गेले.

तर त्या बाई. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या, अजूनही सगळे त्यांना कंडक्टरबाईच म्हणतात. नदीकाठच्या गल्लीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणून गल्लीत त्यांची एकट्यांची शेगडी वाचली. त्या दिवसापासून खालची पाच घरं त्यांच्याकडेच जेवतात. आमचा सर्वे झाला तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता की आज तुमच्याकडे एकत्र कोण कोण जेवतं. बाईंनी खरं ते सांगितलं. त्यांच्या मदतीच्या कार्डावर कुटुंब एक, माणसं एकोणतीस असं छापून आलं. आमच्या नियमात आठाच्या वर कितीही माणसं असली तरी रक्कम आठांचीच मिळते. सहा घरांना मिळून एका घराचे पैसे.

तक्रार करायला आल्या असतील असं मला वाटलं. तसं नव्हतं. आले तेवढे पैसे त्यांनी सहा घरांत सारखे वाटले होते आणि पुठ्ठ्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की पुढच्या हप्त्याच्या आधी त्या किती घरं आहेत ते ऑफिसने सांगावं, म्हणजे वाटायला सोपं जाईल. बसमध्येही त्या आधी डोकी मोजत, मग तिकिटं फाडत.

पलीकडच्या गल्लीत दोन जावांचं पटत नाही. पाणी उंबऱ्याला लागलं होतं तेव्हाही त्यांनी दोन कोपऱ्यांत विटा लावून वेगवेगळं शिजवलं. त्यांना दोन कार्डं मिळाली, दोन्ही पूर्ण रकमेची.

बाबा कसे आहेत? तुम्हा दोघांची आठवण येते. त्यांना माझा नमस्कार पोचता कर आणि कानात तेल घालत जा.

तुझी,
बॅरिस्टर

ता. १३ सप्टेंबर

चि. बॅरिस्टर हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. कवळीवाल्याचं वाचून इतकी हसले की हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एका कारकुनाच्या पांढऱ्या शर्टावर बदामी ठसा उठला. भरपाई तुझ्याकडून.

इकडची खबर अशी की तुझ्या बापाने वेगळी चूल मांडली आहे. कारण ऐकशील तर कपाळाला हात लावशील. त्याला वाफेची इस्त्री घ्यायची आहे, विजेवरची, बसल्या जागी वाफ सोडणारी. मी म्हटलं, कोळशाची इस्त्री चाळीस वर्षं आपल्याला जेवू घालते आहे. तो म्हणाला, लेक साहेबीण झाली, आता तरी माझं ऐका. मी म्हटलं, साहेबीण ती झाली, तू नाही. झालं. मागच्या खोलीत स्टोव्ह लावून बसला. आज पाचवा दिवस. जेवायच्या वेळेला बरोबर येतो, आमचं मीठ संपलंय का ते बघायला, आणि मीठ बघता बघता चार घास खाऊन जातो. इस्त्रीचा आगाऊ पैसा भरून आलाय, तुझ्या पुढच्या पगारावर. हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आता तुझ्या त्या बाईंचं. मला तुझं ऑफिस कळत नाही, कपडे कळतात. तू दोन वर्षांची असशील. लग्नघरातून एका मोठ्या चादरीत बांधून कपडे आले. गाठोडं एक, म्हणून मी खूण एकच घातली. निघाले तीन घरांचे कपडे. परत देताना एकाची पँट दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं पोलकं तिसऱ्याकडे, आणि त्यांच्यात बोलणं बंद व्हायची वेळ आली. चार दिवस दुकान बंद ठेवून, डोक्यावर कपडे घेऊन मी दारोदार फिरले. बाकीच्या गिऱ्हाइकांनी यथेच्छ शिव्या घातल्या. कपडे माझ्याकडे कसे आले ते मी पाहिलं, ते होते कुठे हे विचारलंच नाही. चूक माझी होती.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे. सर्वे झाला, फॉर्मवर प्रश्न होता, कार्डावर छापून आलं. सगळं आपोआप झाल्यासारखं लिहिलंयस. लहानपणी बरणी फुटली की तू असंच सांगायचीस, बरणी फुटली. तो प्रश्न लिहिला कोणी?

जेवत जा. लोभ आहेच, तो वाढवायला मात्र पत्र लवकर लागतं.

तुझी,
आत्या

ता. १८ सप्टेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

बरणी मी फोडली.

छापून आलेल्या फॉर्मवर वेगळा प्रश्न होता. पूर येण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या घरात एकत्र कोण कोण जेवलं, असा. सर्वेच्या पहिल्याच दिवशी आमच्या फॉर्म भरणाऱ्या मुली रडवेल्या होऊन परतल्या. आदला दिवस म्हटलं की लोकांना सगळं आठवत होतं. काय शिजवलं होतं, कोण उशिरा आलं होतं, कोण आता नाही. एकेका दारात तास तास जात होता. एका म्हाताऱ्याने आधी पाच नावं सांगितली, मग चार म्हणाला, मग फॉर्म हातातून काढून घेतला. मला ते सहन झालं नाही. मदत द्यायला जायचं आणि जखमेवर बोट ठेवायचं, हे कसलं काम, असं वाटलं. त्या संध्याकाळी मी आदल्या दिवसाच्या जागी आज असा शब्द घातला. कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुली हसत परतल्या, काम दुप्पट झालं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तुझं पत्र आल्यावर मी सगळे फॉर्म पुन्हा काढले. कंडक्टरबाई एकट्या नाहीत. अशा तेवीस शेगड्या आहेत आणि त्यांच्याआड निदान एकशे अठरा घरं लपली आहेत. ज्यांनी एकमेकांना धरून ठेवलं, नेमकी तीच.

मी आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या या कामात पंचवीस वर्षं आहेत आणि वाईट नाहीत, आत्या, वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दार लावून घेतलं, मला चहा दिला. त्यांचं म्हणणं असं, की अठ्ठावीस तारखेला दुसरा हप्ता आहे. आत्ता यादी चुकली म्हणून सांगितलं तर पैसे देणारे सगळंच थांबवतील, आणि ज्यांचा काही दोष नाही अशी अठराशे-एकोणीसशे घरं ताटकळतील. तिसऱ्या हप्त्याच्या वेळी, डिसेंबरात, आपण दुरुस्ती म्हणून ती घरं गुपचूप यादीत घेऊ. तोवर ते लोक वाटून खातच आहेत. माझा करार याच महिन्यात संपतो, प्रमुख म्हणून पुढे ठेवायचं का ते ठरायचं आहे, हेही त्यांनी सांगितलं. धमकी म्हणून नाही, काळजीने.

पंचवीस तारखेला यादीवर मला सही करायची आहे. डिसेंबरपर्यंत म्हणजे थंडी आली, आत्या. त्या पाच घरांना खिडक्याच नाहीत.

आणि समज मी सांगून टाकलं, तरी मोजायचं कसं? पुन्हा तोच आदल्या दिवसाचा प्रश्न घेऊन त्याच दारात कोणत्या तोंडाने जाऊ? तू असतीस तर काय केलं असतंस?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. वाफेची इस्त्री येऊ दे त्यांची.

तुझी,
बॅरिस्टर

ता. २१ सप्टेंबर

चि. बॅरिस्टर हिस,
अनेक आशीर्वाद, घाईतले.

बापाला सांगू नको म्हणालीस, पण पत्र त्यानेच पोस्टमनकडून घेतलं आणि मीठ बघायला यायच्या आधी उभ्या उभ्या वाचून काढलं. दुपारी सायकल काढली आणि इस्त्रीचा आगाऊ पैसा परत घेऊन आला. म्हणाला, विजेच्या इस्त्रीला वजनच नाही, कॉलर बसत नाही. मी म्हटलं, बरं. संध्याकाळी स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकला. त्यावरही मी काही म्हटलं नाही. तू पण म्हणू नकोस, लिहिताना तुझ्या हातून जातं.

मी असते तर काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे, चार दिवस दुकान बंद ठेवलं असतं. पण माझं दुकान माझ्या बापाचं होतं, तुझं तुझ्या बापाचं नाही. तेव्हा मी सांगते म्हणून करू नकोस. तसंही तू ठरवून झाल्यावरच विचारतेस.

मोजायचं कसं म्हणतेस, तर एक सुचतं. आपल्या दुकानात बाहेरगावी जाणारी माणसं घराची किल्ली ठेवून जातात. इतक्या वर्षांत पाहिलंय, माणूस छत्री विसरतो, कपडे विसरतो, किल्ली विसरत नाही. पुरातून पळतानाही कोणीतरी घेतलीच असेल, दार राहिलं असो नसो. कोण जेवलं ते विचारू नकोस. किल्ली कोणाकडे आहे ते विचार. आणि तरी कोणी रडलं तर रडू दे. बसायला स्टूल घेऊन जा. उभ्या माणसासमोर रडायला अवघड वाटतं.

तुझा बाप नमस्कार कळवतो म्हणून सांगायला सांगतो. बापाने लेकीला नमस्कार कळवायचा नसतो हे त्याला समजावून दमले. माया पाठवते आहे, अर्धी त्याची समज.

तुझी,
आत्या

ता. ४ ऑक्टोबर

ती. आत्यास आणि ती. बाबांस,
दोघांना एकाच पत्रात साष्टांग नमस्कार, चूल एक झाली असल्यामुळे.

उशीर झाला, पण आता सगळं सांगते. तुझं पत्र चोवीस तारखेला मिळालं. त्या आधीच, बावीसला, मी फॉर्ममधला शब्द कधी बदलला, का बदलला आणि त्याने किती घरं गळाली, असा तीन पानी अहवाल लिहून मोठ्या बाईंना दिला होता. खाली माझं नाव. ठरवून झाल्यावर विचारते म्हणालीस ते बरोबर होतं. पैसे देणाऱ्यांनाही तोच पाठवा अशी विनंती केली. मोठ्या बाईंनी तो दोन दिवस स्वतःकडे ठेवला, मग पाठवला.

पंचवीसला मी अख्ख्या यादीवर सही केली नाही. यादीचे दोन भाग केले. ज्या घरांबद्दल शंका नव्हती त्यांच्या भागावर सही केली. पैसे देणाऱ्यांनी त्यावर तीन दिवस प्रश्न विचारले, म्हणून हप्ता अठ्ठावीसऐवजी एक तारखेला जमा झाला. तीन दिवस अठराशे घरं ताटकळली, तेही माझ्यामुळे. कवळीवाले आजोबा येऊन बोलून गेले. या वेळी हसले नाहीत.

उरलेल्या तेवीस शेगड्या आम्ही सहा दिवसांत पुन्हा मोजल्या. स्टूल बरोबर नेलं. कंडक्टरबाईंकडे मी स्वतः गेले. किल्ली कोणाकडे, असं विचारलं. मग एकीने गळ्यातून काढली, एकाने पाकिटातून, एका आजींनी पिठाच्या डब्यातून. जेवायच्या स्टीलच्या टेबलावर कंडक्टरबाईंची धरून पाच किल्ल्या झाल्या. त्यातल्या दोन घरांना दारच उरलेलं नाही. रडलं कोणी नाही, उलट कोणाचं कुलूप किती कुरकुरायचं यावर वाद सुरू झाला, तो आवरायला कंडक्टरबाईंना शिट्टी वाजवावी लागली. त्यांच्याकडे अजून आहे ती.

सगळीकडे असं झालं नाही. सहावं घर एका एकट्या शिवणवालीचं होतं. तिच्याकडे किल्ली नव्हती. दाराला कुलूप कधी लावलंच नाही म्हणाली, घरात कायम कोणी ना कोणी असायचं. तिला मी आदल्या दिवसाचा प्रश्न विचारला, जसा छापला होता तसा. ती स्टुलावर बसली. पाऊण तास लागला. नावं तीन सांगितली, त्यातलं एक खोडायला तिनेच माझ्या हातून पेन घेतलं.

एकशे अठरा नव्हे, एकशे सव्वीस घरं निघाली. राखीव रकमेतून त्यांचे दोन्ही हप्ते काल एकदम जमा झाले. कंडक्टरबाईंच्या कार्डावर आता चार माणसं आहेत. जेवायला अजून एकोणतीसच असतात, खिडक्या बसेपर्यंत.

ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर, चिखलाच्या रेघेच्या वर, मी एक कागद लावला. पहिल्या सर्वेत चूक झाली, ती कोणी केली, कोणाला पैसे कमी मिळाले आणि कधी मिळतील. मोठ्या बाईंनी तो वाचला, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं आणि तसाच राहू दिला.

माझा प्रमुखपदाचा करार पुढे चालू केला नाही. सर्वे करणाऱ्यांत एक जागा रिकामी होती, पगार निम्मा, आणि ती घेशील का असं मला विचारलं. मी घेतली. बाबा, तुमच्या वाफेच्या इस्त्रीचं वाईट वाटतं. वजन नाही ही थाप मला पटलेली नाही. दीड वर्षाने का होईना, मी घेऊन देणार आहे, आणि आत्याने तेव्हा मध्ये पडायचं नाही.

आज सकाळी नवीन प्रमुख आले. त्यांना मी यादी दिली, फॉर्मचा जुना मसुदा दिला, त्यातल्या आदल्या दिवसाखाली लाल रेघ मारून, आणि टेबलाच्या खणाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मग स्टूल उचललं आणि पलीकडच्या गल्लीत, त्या दोन जावांच्या दारात गेले, त्यांची दोन कार्डंही माझ्या त्याच प्रश्नातून आली होती म्हणून. आधी कोणाच्या कोपऱ्यात बसायचं यावरून अर्धा तास गेला. फॉर्म भरून झाले आहेत.

तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा आणि मधून मधून माझीही आठवण काढा, तेवढ्यावर माझं इथे भागतं.

तुमची,
बॅरिस्टर