कुसुमचे टाके

सातारा. गुरुवार, संध्याकाळ.

माधवनगरच्या गिरणीचा भोंगा आज पुन्हा कानात वाजला. लग्नाआधी कुसुम त्या भोंग्याला वडिलांचा डबा घेऊन फाटकाशी यायची. मला बघून हसायची. हसू आधी गालावर, मग ओठांवर. मी आपला शाळेतली कविता मनात चालीवर म्हणत उभा.

सोमवारी सांगलीत ऑपरेशन करून तिच्या डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या, गालही वर ओढून घेतले. हळदीकुंकवाला जी ती बाई विचारायची, "आजारी हायसा व्हय?" कंटाळली बिचारी. करू दे की हौस! पण ते हसू? गालांबरोबर तेही ओढलं गेलं तर? डॉक्टरांना हे विचारणार तरी कसं? लेकीकडं राहिली आहे. "सूज उतरेपर्यंत येऊ नका," असा तिचा हुकूम आहे.

बेल वाजली. आत्ता कोण?

परत लिहायला बसलोय. दारात कुसुमच होती! काळा चष्मा, सुजलेलं तोंड, मागं पिशवी घेतलेले जावई.

"आवं, बघताय काय? करमेना तिकडं."

"कोण पाहिजे आपल्याला, बाई?" मी म्हटलं.

"हसवू नका, टाके ओढतात!"

आणि हसलीच. आधी गालावर.