मुंगी न लागलेली साल

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
शुक्रवार, ता. ९ डिसेंबर १९७७

चि. सौ. काशम्मा हिला अप्पाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत. कुर्डुवाडीला थंडी पडली असेल. जावई बसलिंगप्पा पहाटे वर्कशॉपला जातात, तेव्हा कानाला मफलर असू दे.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी मी एक गोष्ट केली. अंघोळ झाली, विभूती लावली आणि पूजेला न बसता परसात गेलो. आपल्या नव्या डाळिंबाचं एक फळ तोडलं, ओट्यावर आपटून फोडलं आणि थोडे दाणे तोंडात टाकले. तुला ठाऊक आहे, लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही. मागे तापात पडलो होतो, तेव्हा अव्वानं काढा पुढे केला तर आधी लिंग दे म्हणालो होतो. ती गोष्ट तू सासरीसुद्धा हसत सांगितलीस असं ऐकलं. तोच मी सोमवारी आधी खाल्लं आणि मग पूजेला बसलो.

का, ते सांगायलाच हे पत्र. पण आधी इतर लिहितो. अव्वाचा गुडघा बरा आहे. संगप्पामामा दोन दिवस राहून गेला. गड्ड्याच्या जत्रेला या, अव्वा वाट बघते. तुझी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, बोकड नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सणाला सासरी करकंबला गेल्यावर तुझे मामंजी चारचौघांत म्हणाले, ‘चन्नवीरअप्पाला झाड म्हंजी पोरगीच झालीया. खरी पोरगी दिली, हिची पाठवणी करवंना.’ सगळे हसले आणि तू चुलीपुढे मान खाली घालून भाकरी थापत राहिलीस. शेवटी तू विचारलं आहेस, ‘अप्पा, गुट्यांना मुळं फुटली नाहीत का? खरं कळवा.’

मुळं फुटली आहेत. दसऱ्याच्या आधीच फुटली. पाऊस उघडला म्हणून धरली नाहीत असं मी कळवलं, ते खरं नव्हतं. मुळं धरल्यावर फांदी कापून तुझ्या सासरी लावायला द्यायची, म्हणून फांदीची साल सोलून, ओलं शेवाळ भरून प्लास्टिकचा कागद बांधला होता. आता त्या कागदाच्या आतून पांढऱ्या मुळ्यांनी गोल वेटोळं घातलं आहे. रोज सकाळी मी ती बघतो आणि कात्री तशीच परत घेऊन येतो.

जावयांना वाचून दाखवशील, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

गिरणीच्या ज्या बंगल्यावर मी माळीकाम करतो, तिथे फाटकाशी एक डाळिंब आहे. त्याचं फूल झेंडूसारखं भरगच्च, लालभडक. फळ मात्र कधी धरत नाही. ज्याचं केसर व्हायचं, त्याच्या पाकळ्याच झालेल्या. येणारे पाहुणे गाडी थांबवून बघतात. मला मात्र वाटायचं, इतकं सजतं आणि पाखराच्या चोचीलाही काही देत नाही. या फुलाला फळ यावं हे माझ्या मनानं घेतलं. दुष्काळानंतरच्या वर्षी त्या पाकळ्या उलगडून उलगडून चिमूटभर केसर मिळालं. आपल्या परसातल्या गोड डाळिंबाच्या फुलातलं केसर आधी चिमट्यानं काढून टाकलं होतं, त्यात हे टेकवलं. वरून कागदाची पिशवी. तिचा दोरा तू बांधलास, आठवतं? घट्ट झाला म्हणून मी रागावलो होतो.

त्या फळाच्या बिया पेरल्या. पुष्कळ रोपं आली, बहुतेकांना साधीच फुलं लागली. एकाच झाडाला भरगच्च फूल आलं, आणि मागच्या वर्षी याच दिवसांत त्यानं एक फळ धरलं. एकच.

पहिलं फळ घरात कुणी खायचं नाही, जंगमाच्या मुखी घालायचं, हे आपल्याकडे आहेच. मी ते ओंजळीत धरून मठात नेलं. वीरभद्रय्या स्वामींनी माझ्यासमोर दाणे खाल्ले आणि म्हणाले, ‘चन्नवीरा, गोड हाय रे तम्मा.’ त्या दिवशी घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

साल आणि उरलेल्या बिया मी मागून आणल्या होत्या. साल खिडकीत वाळत ठेवली. काशम्मा, ती साल तिथे आठवडाभर होती. खाली गुळाचा डबा, त्याला मुंग्यांची रांग. रांग सालीवरून जायची आणि तशीच पुढे जायची. मी ते पाहिलं. पाहून खिडकी लावून घेतली. स्वामींनी गोड म्हटलं होतं. त्यांच्या शब्दापुढे मुंगीचं काय ऐकायचं, असं मनाला सांगितलं.

पुढचं तुला माहीत आहे. वैशाखात तुझं ठरलं. सिद्धप्पा व्याही परसात आले, झाड ऐन फुलात होतं. त्यांनी विचारलं, ‘ह्याला फळ बी येतं? गोड?’ मी म्हणालो, ‘गोड.’ तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मग मला हुंडा नको, मानपान नको. ह्या झाडाच्या गुट्या द्या. रस्त्याच्या कडंला लावतो. फूल बघून मानूस थांबंल आन फळ घेऊन जाईल.’ एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. आणि मी त्याला जो शब्द दिला, त्याची चव मलाच माहीत नव्हती.

म्हणून या वर्षीची फळं पिकेपर्यंत थांबलो. सोमवारी पहिलं पिकलं. तेही आधी मठात नेलं असतं, तर पुन्हा गोडच ऐकलं असतं. म्हणून आधी स्वतः खाल्लं.

आंबट आहे. चिंचेसारखं नाही, पण डाळिंब म्हणून पाहुण्याच्या हातावर ठेवावं असं नाही. बी टणक.

अव्वाला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘मुंग्यास्नी कळलं ते तुमास्नी कळाया वरीस लागलं.’ म्हणजे तिनंही पाहिलं होतं. मग म्हणाली, ‘आमटीत टाकाया बरं हाय की. कोकमाचा खर्च वाचला.’

उरलेलं अर्धं फळ लिंगाला दाखवलं आणि मठात गेलो. स्वामी उन्हाला बसले होते. मी विचारलं, ‘अय्या, गेल्या वर्षीचं फळ खरंच गोड होतं?’

‘खाल्लंस वाटतं.’

‘खाल्लं. पूजेच्या आधी.’

स्वामी हसले. ‘मग लिंगाला उष्टं दाखवलंस. काय म्हनला त्यो?’

‘काही नाही.’

‘त्यो शाना हाय. मी बोलून बसलो.’ मग म्हणाले, ‘तम्मा, मला आता चव कळत न्हाय. दूध कंचं, ताक कंचं, वासावरनं वळखतो. तू समोर बसून माझ्या तोंडाकडं बगत होतास. मी तुझ्या तोंडाकडं बगितलं आन गोड म्हनलो.’

मी पायाला हात लावला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. माझ्या मनात त्यांच्याविषयी काही उरलं नाही, हे मी लिंगाला स्मरून लिहितो.

संगप्पामामाचा सल्ला वेगळा. ‘दाजी, गुट्या देऊन टाका. फळ धराया तीन वर्सं. तवर नातू मांडीवर येतोय, इवाई निवतोय. आंबट निगालं तर करकंबची जमीन मानवली न्हाय म्हनायचं. कोन इचारतंय?’ खरं सांगतो, सोमवारी रात्रभर मी त्या जमिनीचाच विचार केला. तिथली माती काळी, इथली मुरमाड. म्हणायला जागा होती. तुझं तिथे सुखानं चालावं, एवढंच मला पाहिजे होतं.

बुधवारी एक पिकलेलं फळ पिशवीत घालून मी एस.टी.नं करकंबला गेलो. तुला आधी कळवलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.

रस्त्याच्या कडेला व्याह्यांनी खड्डे काढून ठेवले आहेत. प्रत्येकात शेणखत भरलेलं, वर पालापाचोळा. एवढ्या ओळीनं तर मीही काढले नसते. ते पाहिल्यावर पिशवीतलं फळ जड झालं.

सिद्धप्पांनी घोंगडं अंथरलं. मी चहाच्या आधीच फळ पुढे केलं. त्यांनी मोठ्या हौसेनं दाणे तोंडात टाकले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, हे माझ्या ध्यानात आलं, म्हणून मान फिरवून गोठ्याकडे बघत बसलो.

‘चांगलं हाय,’ ते म्हणाले.

‘व्याही, माझ्यासाठी म्हणू नका.’

मागे बी थुंकल्याचा आवाज आला. ‘आंबाट हाय की हो.’

मग मी सगळं सांगितलं. स्वामींचं, मुंग्यांचं, वैशाखातल्या माझ्या ‘गोड’चं. ऐकून ते म्हणाले, ‘साऱ्या बाजारात सांगून बसलोय मी. आता हसतील लोकं.’ मी म्हणालो, ‘माझं नाव सांगा.’ ते म्हणाले, ‘तुमचंच सांगनार. दुसऱ्या कुनाचं सांगू?’ राग होता, आणि तो मी घेतला. तुझं नाव मात्र त्यात आलं नाही. मीच काढलं, म्हणालो, पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यावर म्हणाले, ‘तिला काय बोलनार न्हाय. सणाला आलती तवा बी भाकरी थापत होती गप. तिला बोलून कुटं जायाचं?’

चहा आला, पण त्यांनी घेतला नाही, म्हणून मीही ठेवला. उठलो तेव्हा उरलेलं फळ त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं. ‘ह्याच्या बिया फेकू नका. आंबट झाडाच्या पोटी गोड येत न्हाय असं कुटं हाय?’ मी विचारलं, खड्डे बुजवणार का. ‘बगू,’ म्हणाले, आणि बैलाला पाणी दाखवायला गेले.

त्यांचं मन पुढे कसं राहील, मला सांगता येत नाही. जत्रेला तुम्हाला पाठवतील की नाही, तेही नाही. काही दिवस तुला जड जाईल. ते माझ्यामुळे, हे लक्षात ठेव आणि बसलिंगप्पांशी त्यावरून भांडू नकोस. त्यांच्या बाजूनं चूक काहीच नाही.

कागदातल्या बिया काल राखेत चोळून कुंडीत पेरल्या. त्यातून काय येईल ते बघायला माझ्याकडे वर्षं असतील तर मी बघेन. फळ आलं तर आधी मी खाईन, मग लिंगाला दाखवेन, आणि स्वामी असतील तर त्यांना फक्त वास देईन.

आज सकाळी पूजा आटोपून कात्री घेतली आणि सगळ्या गुट्या उतरवल्या. तुझ्या सासरच्या नावानं बांधलेली एकही झाडावर ठेवली नाही. मठाच्या कुंपणाला लावून आलो. तिथे त्यांना कुणी फळ मागणार नाही, फुलं सकाळी देवाला जातील. शेवटची लावताना स्वामींनी विचारलं, ‘ही कशाची रं?’ मी सांगितलं, ‘फुलाची. फळ आंबट.’

बोलायला सोपं गेलं, काशम्मा.

तुझा,
अप्पा