गाडीखालची झोळी

आबा,

काल सांगलीच्या मार्केट यार्डात गेले होते. हळद निवडणाऱ्या बायकांच्या संघटनेला एक अर्ज लिहून हवा होता. ऐंशी ओलांडलेली म्हातारी कशाला, असं मी विचारलं. त्यांची अध्यक्ष, तिशीतली मुलगी, म्हणाली, "बाई, तुमी लिवलेलं साहेब परत पाठवत न्हाईत." मी लिहिला आणि सह्या घेण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवला. ही सवय तुमची. ती मला कशी लागली यातलं निम्मंच तुम्हाला माहीत होतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आपलं सुतारमेट हळदीच्या पेठेच्या तोंडाशी. दुरुस्तीला आलेल्या बैलगाड्यांखाली हळद निवडणाऱ्या बाया झोळ्या बांधून पोरं निजवायच्या, कारण भर पेठेत तेवढीच सावली. गाडी दुरुस्त झाली की झोळी सोडायची आणि दुसरी गाडी शोधायची. एका दुपारी एक बागायतदार गाडी न्यायला येतो. खाली पोर झोपलेलं. तुम्ही मान वर न करता म्हणता, "धाव गार व्हायची हाय. बसा घटकाभर." चाकावरची ती लोखंडी पट्टी सकाळीच बसवून गार झालेली असते. मी दप्तर घेऊन दारात उभी, आणि तुम्ही धडधडीत खोटं बोललात म्हणून रागावलेली. बागायतदारानं वाकून गाडीखाली पाहिलं. "सुतार हायस का सुईण?" तो म्हणाला, पण बसला. पोर उठेपर्यंत बसला.

ती गोष्ट पेठभर झाली. आधी हमाल तुमच्याकडे आले, मग बाया. वर्षभरात तुम्ही त्यांच्या युनियनचे अध्यक्ष झालात. पुढं आपल्या आष्ट्याकडच्या लोकांनी तुम्हाला मुंबईच्या असेंब्लीत पाठवलं. आष्टं इंग्रजी मुलखात, पण सांगली तेव्हा संस्थानात, त्यामुळे पेठेचं गाऱ्हाणं तिथं मांडता येत नव्हतं. संस्थान विलीन झालं आणि तुम्ही त्याच आठवड्यात अर्ज करायला बसलात. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे, म्हणून लिहायला मी. तुम्ही सांगत गेलात: पोत्याचं वजन ठरवून मिळावं, प्यायला पाणी मिळावं, आणि शेवटी, बायांना पोरं ठेवायला छप्पर मिळावं. रात्रीतून मी पक्की प्रत केली. पाण्याच्या मागणीपाशी थांबले आणि खाली तुमच्या सहीची जागा सोडली.

सकाळी तुम्ही तो सुतारमेटात वाचलात. हमाल पुढं, बाया मागं, आणि त्यांच्यात आई, कोपरापर्यंत पिवळी. नवरा मेंबर झाला तरी तिनं निवडणं सोडलं नव्हतं. वाचून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "आवं मेंबर, आमचं छप्पर कुटं उडालं?" बाया हसल्या. आई हसली नाही. तुम्ही कागदाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "माजंच चुकलं," तुम्ही म्हणालात, "सांगायचं ऱ्हायलं."

जेवताना मला विचारलंत. मी म्हटलं, कागद संपला. तेव्हा कागद खरोखरच मिळत नव्हता. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "मग अक्षर बारीक काढायचं. मानसं न्हाई गाळायची." दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर जाड पुठ्ठ्याची, रेघांची वही ठेवलीत. कुठून मिळवलीत, कोण जाणे. "ही संपली की सांग." त्या वहीच्या पहिल्या पानावर मी अर्ज पुन्हा लिहिला, छपरासकट, आणि पान फाडून तुमच्या हातात दिलं. पेठेत पत्र्याचं छप्पर यायला दोन उन्हाळे गेले. पण आलं. उरलेल्या पानांवर मी मॅट्रिकची गणितं केली. पुढं कॉलेजात गेले, शाळा चालवली, पोरींना धाकात ठेवलं. त्यांच्यातल्या दोघी-तिघी त्याच पेठेतल्या झोळीतल्या होत्या.

तेव्हा वर्गात मला मेंबरची मुलगी म्हणत. मेंबरची बायको हळद निवडते, हे माझ्या हातानं सरकारी कागदावर चढू नये, एवढंच त्या रात्री मला वाटलं होतं. आईला मी हे कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगायला तुम्ही होतात तेव्हा धीर नव्हता.

काल अर्ज वाचून झाल्यावर मी त्याची घडी घातली, आणि हात तसाच थांबला. त्या दिवशी जेवायला बसण्याआधी तुम्हीही माझा तो छपराविना अर्ज पाटावर उलटा ठेवून, नीट घडी घालून खिशात टाकला होता. मी समोरच होते.

कागद संपला नव्हता, आबा. मागची अख्खी बाजू कोरी होती, तुमच्या डोळ्यांसमोर.