रिकामा बंब

वस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा हे तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

नव्वदच्या दशकात मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात बंबावर नवा लागलो, तेव्हा एकदा टाकीतल्या पाण्यानं हातपाय धुतले होते. तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. "हे पाणी आगीचं हाय. माझ्या बापाचंबी न्हाई," म्हणालात. राग आला, पण पटलंही. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून माझ्यासाठी भाकर आणि ठेचा आणलात. तेव्हापासून तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

मग तो उन्हाळा. दुपारी कुरुंद्याकडच्या एका वस्तीवरून फोन येतो, गोठा पेटलाय. बंब नुकताच बाहेरून आलेला. मी विचारतो, "टाकी?" तुम्ही म्हणता, "भरेल हाय, बस." तिथं पोचल्यावर मी पाइप ओढत पळतो, पाणी सोडायला सांगतो, तर पाइप नुसता फुसफुसतो. सकाळी तुम्ही बंब नगरसेवकाच्या घरच्या लग्नात पाणी द्यायला पाठवला होता, हे ड्रायव्हरनं मला तिथंच कानाशी येऊन सांगितलं. आम्ही विहिरीवरून बादल्या आणून मारल्या. म्हशी दाव्यालाच गेल्या. गोठ्याची मालकीण म्हातारी मला म्हणाली, "लेकरा, गाडी तर आली. पाणी काहून न्हाई आणलं?"

चौकशीत तुम्ही माझ्याकडं न बघता साहेबांना सांगितलंत, "टाकी पाहायचं काम ह्याचं होतं." व्हरांड्यात मी विचारलं, "वस्ताद, असं काहून केलं?"

"माझी रिटायरमेंट जवळ आली. तू तरणा हाय, निभावशील. अन् दलातली गोष्ट दलातच राहती."

मला निलंबित केलं. परत घेतलं ते नाल्या काढायला. बंबावर पुन्हा कधी चढलो नाही. ड्रायव्हर गप्प राहिला, मीही राहिलो. पाण्याचा नियम तुम्ही मोडलात आणि गप्प बसायचा माझ्याकडून पाळून घेतलात. तुमच्या निरोपाला शाल दिली, शिस्तीचा माणूस म्हणाले. मी मागं उभा होतो. तुम्ही मला पाहिलंत आणि हार नीट करत बसलात.

हे सगळं तुमच्या मुलाला सांगायचं मनात होतं. गेल्या आठवड्यात तो भेटला. "बाबा कामावर कसे होते?" विचारलं त्यानं. मी म्हणालो, "लई शिस्तीचे." आणि खरं सांगतो, म्हणताना ते मला खोटं वाटलं नाही.